डीटीपीच्या कामाला लागताय? आधी फाईलचा प्रकार ओळखा

बेळगावात डीटीपी-फ्लेक्सच्या दुकानात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या रोज हाताखालून जातात. त्यामुळे जेपीजी की पीएनजी हे ठरवताना फाईल किती जड होते यापेक्षा अक्षर कसं उमटतं, हे मी आधी बघतो.

जेपीजी मुळात फोटोसाठी. १९९२ चं हे मानक चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतं. नवरानवरीच्या फोटोत ते कळतही नाही. पण पांढऱ्यावर लाल अक्षरातली पत्रिका जेपीजीत सेव्ह करा आणि ४०० टक्के मोठी करून बघा. अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके दिसतील. मराठीतला अनुस्वार, रफार आणि कन्नडमधली अक्षराखालची बारीक जोडाक्षरं यांना सगळ्यात आधी मार बसतो. पीएनजी काहीच टाकून देत नाही, शिवाय बॅकग्राउंड पारदर्शक ठेवता येतं. म्हणून लोगो, शिक्के आणि मोबाईलवर पाठवायची पत्रिका पीएनजीत. फोटो मात्र पीएनजीत ठेवू नका, फाईल उगाच फुगते. ऑफसेट छपाईला पीएनजी देऊ नका, त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची रंगपद्धत, नसते. तिथं पीडीएफ किंवा टिफ.

जेपीजी उघडून, बदल करून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा दर्जा जातो. काम सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) किंवा पीएसडीत (फोटोशॉपची फाईल) ठेवा, जेपीजी शेवटी काढा.

शिवजयंतीच्या दिवसांत मंडळांची पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला लोगो घेऊन येतात आणि दहा फुटी फ्लेक्स मागतात. तो लोगो फाटणारच, म्हणजे कडा चौकोनी-चौकोनी दिसणार. त्यांना विचारा, ‘मूळ सीडीआर किंवा पीडीएफ कुणाकडं आहे का?’ लोगो व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी काढलेला, असेल तर कितीही मोठा करा, कड तशीच राहते. नसेल तर लोगो नव्यानं ट्रेस करून, म्हणजे त्यावरून रेखाटून, द्या. या कामाला वेळ लागतो, पण तो द्यावाच असं माझं ठाम मत आहे. फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ म्हणा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप तो दाबत नाही.

प्रेसला सीडीआर देताना अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारात बदला. तिथं तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं तुटतात. कर्व्ह न केलेली एक प्रत मात्र स्वतःकडं ठेवा, कारण पाहुण्यांची नावं छपाईच्या दिवसापर्यंत बदलतात.

आयफोनवरून हेइक (HEIC) प्रकारची फोटोची फाईल आली आणि जुन्या कोरलमध्ये उघडली नाही, तर जेपीजीत बदलून घ्या. जिफमध्ये फक्त २५६ रंग, छपाईला तिचा उपयोग नाही.

भरतीच्या फॉर्मला फोटो बऱ्याचदा २० ते ५० केबीत मागतात. तेव्हा क्वालिटी एकदम खाली ओढू नका. आधी पिक्सेल मागितलेल्या मापात आणा, मग क्वालिटी थोडी थोडी उतरवा. चेहरा स्वच्छ राहतो.