लहान मुलांसाठी बाथरूम: आधी गरम पाणी, मग कडी, मग बाकीचं

मुलांसाठी बाथरूम तयार करायची म्हटलं की खरेदी सुरू होते ती बदकांच्या स्टिकरपासून. काम मात्र गीझरपासून सुरू करायला हवं. बाथरूम घरातले सगळेच वापरतात आणि घाईत कोणीही काहीही विसरतं. म्हणून मोठ्यांना दर वेळी आठवण ठेवावी लागू नये, अशी सोय करावी.

60 अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाला साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजतं. मुलांची कातडी पातळ असते, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. 50 अंशांवर हाच वेळ काही मिनिटांवर जातो, म्हणजे हात मागे घ्यायला सवड मिळते. पण मोठ्या टाकीच्या गीझरचं तापमान नुसतं खाली आणलं, तर कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात. चांगला उपाय म्हणजे टाकी 60 वर ठेवायची आणि नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम आणि गार पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह) बसवून बाहेर येणारं पाणी 45 च्या आत बांधून घ्यायचं. बसवल्यावर पाणी मिनिटभर वाहू द्या आणि थर्मामीटरने मोजा. वर्षातून एकदा गार पाण्याची लाइन बंद करून बघा: गरम पाणीही काही सेकंदांत थांबलं पाहिजे. पाणी जड असेल तर व्हॉल्व्हच्या जाळीत क्षार साठतात आणि तापमान वरखाली व्हायला लागतं. तेव्हा जाळी काढून साफ करायची.

व्हॉल्व्ह बसेपर्यंत बादलीत आधी गार पाणी, मग गरम. हात घालून तळापर्यंत ढवळा. अंघोळीला 37–38 अंश पुरे. शेवटी नळातून थोडं गार पाणी सोडा, नाहीतर तोटीत उरलेलं कढत पाणी पुढच्याच्या हातावर येतं.

पाच सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. डोकं जड असल्याने वाकून बघताना ते उलटं आत जातं, आणि भरलेली बादली कलंडतही नाही. म्हणून वापर झाला की बादली रिकामी आणि पालथी. टबमध्ये बसवायच्या खुर्च्या, रिंगा ही सोय आहे, सुरक्षितता नव्हे. मूल पाण्यात असताना तिथून हलायचं नाही. याला कुठलंही उपकरण पर्याय नाही.

दाराची आतली खालची कडी काढून टाका आणि दीड मीटरवर नवी लावा. कुलूप बदलणारच असाल तर बाहेरून नाण्याने उघडता येईल असं घ्या. दार बाहेर उघडणारं असलं तर उत्तम. आत पडलेलं मूल दाराला आडवं येत नाही.

फरशी बहुतेक वेळा टाइलमुळे नाही, तर साबणाच्या थरामुळे निसरडी होते. आठवड्यातून एकदा डिटर्जंट आणि ताठ ब्रशने घासा. व्हॅक्यूम कप असलेली मॅट खरखरीत टाइलला चिकटतच नाही, आणि गुळगुळीत टाइलवरही खाली साबण असेल तर सुटते. रोज उचलून वाळवा, नाहीतर खाली बुरशी धरते. नवी फरशी घालत असाल तर चकाकी नसलेली (मॅट फिनिश) टाइल घ्या आणि जाळीकडे मीटरला 12 ते 15 मिलिमीटर उतार ठेवा.

तोल गेला की मूल हाताला येईल ते धरतं, म्हणजे बहुधा टॉवेलची दांडी. ती ओढ सहन करायला बनवलेलीच नसते. आधाराची दांडी वेगळी लावा, आणि इथेच बहुतेक ठिकाणी चुकतं. टाइलची आणि गिलाव्याची जाडी मिळून 25–30 मिलिमीटर होते, त्यामुळे 40 चा स्क्रू जेमतेम विटेपर्यंत पोचतो. 75 चा घ्या. आधी टाइल ठोकून बघा. पोकळ वाजली तर तिथे भोक पाडू नका. टाइलवर चिकटपट्टी लावा, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून टाइल पार करा, मगच तो चालू करा. भोकात सिलिकॉन भरून स्क्रूचा प्लग घाला, म्हणजे भिंतीत पाणी मुरत नाही. निम्मं वजन टाकून मोठ्या माणसाने लोंबकळून बघावं. नुसत्या व्हॅक्यूमवर चिकटणाऱ्या दांड्यांवर भार टाकू नये.

कमोडवर पाय लोंबकळत असले तर मुलांना जोर लावता येत नाही. मधलं भोक लहान करणारी सीट बसवा आणि पायाखाली रुंद, रबरी बुडाचं स्टूल द्या. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले पाहिजेत. तेच स्टूल बेसिनलाही चालतं. मुलांच्या उंचीचं वेगळं बेसिन बसवण्यात फारसा अर्थ नाही, मुलं लवकर वाढतात. हुक मात्र त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर नकोत. लावायचेच तर गोल मुठीचे लावा.

ॲसिड आणि ब्लीच उंचावर, कुलपात आणि एकमेकांपासून लांब ठेवा: ते मिसळले की क्लोरिन वायू सुटतो. मूळ बाटली बदलू नका. औषधं बाथरूममध्ये नकोतच, दमटपणाने खराब होतात.

गीझरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. दाबल्यावर वीज गेली नाही, तर तो बदलेपर्यंत गीझर बंद.