मेल सर्व्हरचा पोर्ट २५: बंद करू नका, नीट तपासा

"पोर्ट २५ बंद करून टाका" असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा की मग बाहेरचा मेल आत येणार कुठून? एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल २५ वरूनच जातो, तो उघडाच ठेवायचा. फक्त आपल्या सर्व्हरवरून भलत्याच कुणाचा मेल बाहेर जाता कामा नये.

पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम), डोमेन, सर्टिफिकेट हे सगळं झालंय असं धरतो.

सर्व्हरवर एसएस (ss) कमांड मारा, उघडे पोर्ट दिसतील. २५, ५८७, ४६५ आणि आयमॅपचा (मेलबॉक्स वाचण्याची पद्धत) ९९३ एवढे पोर्ट पुरे. ११० (पॉप३) आणि १४३ (साधं आयमॅप) कुणी वापरत नसेल तर डव्हकॉटमध्येच, म्हणजे मेलबॉक्स वाचू देणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, बंद.

लॉगिन २५ वर ठेवायचं नाही, पासवर्ड फक्त ५८७ किंवा ४६५ वर आणि तिथे टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, सक्तीचं. २५ वर मात्र सक्ती नको, टीएलएस 'मे' (may) वर ठेवा, म्हणजे समोरच्याला जमलं तर वापरायचं. पब्लिक सर्व्हरने स्टार्टटीएलएसची (साधं कनेक्शन टीएलएसवर नेणारी कमांड) सक्ती करू नये हे २००२ च्या आरएफसी ३२०७ या इंटरनेट मानकातच लिहिलंय, तरी लोक सक्ती लावतात आणि मग मेल येत नाही म्हणून रडतात.

आता रिले टेस्ट, म्हणजे परक्याचा मेल आपल्या सर्व्हरमधून पुढे जातो का ते बघणं. माझं डोकं सगळ्यात जास्त इथेच फिरलं होतं.

ही टेस्ट सर्व्हरवरून करायची नाही, तिथून तुम्ही 'घरचे' असता आणि पोस्टफिक्स सगळं जाऊ देतो. घरच्या ब्रॉडबँडवरूनही बरेचदा जमत नाही कारण कंपन्या बाहेर जाणारा २५ अडवतात, गूगल क्लाउडवरही तो अडवलेला असतो आणि एडब्ल्यूएसवर सुरुवातीला बंदच मिळतो. त्यामुळे टाइमआउट आला म्हणजे पोर्ट सुरक्षित आहे असं अजिबात समजू नका, तुमची टेस्ट तिथवर पोचलीच नाही. २५ मोकळा असलेलं दुसरं मशीन शोधा. तिथून टेलनेटने (हाताने कमांड टाइप करून सर्व्हरशी बोलायचं साधन) तुमच्या सर्व्हरच्या २५ ला जोडा, ईएचएलओ (EHLO, म्हणजे नमस्कार) म्हणा, मेल फ्रॉम (पाठवणारा) मध्ये परका पत्ता द्या आणि आरसीपीटी टू (घेणारा) मध्ये तुमचा जीमेल पत्ता. त्यावर ५५४, रिले ॲक्सेस डिनाइड आलं की ठीक, ४५४ आलं तरी चालेल. २५० ओके आलं तर तुम्ही ओपन रिले आहात आणि स्पॅमवाले तुम्हाला शोधतीलच.

हीच टेस्ट आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, जुने ते आयपीव्ही४) वरून वेगळी करा! डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन, वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. कंटेनरला फक्त आयपीव्ही४ असेल तर बाहेरून आयपीव्ही६ वर आलेला माणूस डॉकरच्या प्रॉक्सीतून आत येतो आणि पोस्टफिक्सला तो १७२.१७.०.१ सारख्या गेटवेचा, म्हणजे आपलाच वाटतो. कुठल्यातरी ट्युटोरियलमधून मायनेटवर्क्समध्ये (mynetworks, पोस्टफिक्स ज्यांना 'घरचे' मानतो ती यादी) १७२.१६.०.०/१२, म्हणजे १७२.१६ ते १७२.३१ चे सगळे पत्ते, चिकटवलं असेल तर संपलंच. वर फेल२बॅन (चुकीचे लॉगिन करणारे पत्ते अडवणारा प्रोग्रॅम) लावलात तर तो गेटवेलाच बॅन करतो, म्हणजे त्या वाटेने येणारे सगळेच बाहेर. मेल लॉगमध्ये सगळी कनेक्शन्स एकाच १७२ वाल्या पत्त्यावरून दिसली की समजून जा.

माझं मत पक्कं आहे, मायनेटवर्क्समध्ये लोकलहोस्ट सोडून काहीच नको. बाकी ॲप्सना ५८७ वर लॉगिन करू द्या. डॉकरमध्ये आयपीव्ही६ नीट चालू करा, नाहीतर मेल होस्टचा क्वाड-ए (AAAA, आयपीव्ही६ पत्ता सांगणारा) डीएनएस रेकॉर्ड काढून टाका.

आणि हो, डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलला जुमानत नाही. नको असलेला पोर्ट पब्लिशच करू नका.

पोस्टफिक्स रीलोड करा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन्ही टेस्ट परत मारा आणि मेलक्यू (mailq, थांबलेल्या मेलची रांग) बघा, अनोळखी मेल अडकलेले असतील तर आधी ते उडवा.