बाळाआधीचे संभाजीनगरातले दोन दिवस: या चुका टाळा

पहिलटकरीण आणि तिचा नवरा, दोघंच दोन दिवसांसाठी संभाजीनगरला येतात, हे आता आपल्याकडं नवं राहिलं नाही आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. आमच्या वेळी सातव्या महिन्यात ओटी भरली की थेट माहेरची गाडी. मधे नवरा-बायकोनं निवांत बसून बोलावं असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. आता लातूर, परभणी, बीड, नांदेडची आमची भाचरं हौसेनं येतात. पण जाताना काय म्हणतात? "आत्या, लई दमलोत." अरे, दमायला आला होतात का? सिडकोत राहून मी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतेय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

"आलोतच तर सगळंच बघून घेऊ"

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लाडकी चूक ही. मोबाइलवर कुणीतरी दोन दिवसांत अख्खा जिल्हा दाखवलेला असतो, तो बघून बेत ठरतो. शनिवारी अजिंठा, संध्याकाळी बीबी का मकबरा. रविवारी देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती आणि जमलं तर शिर्डी करून घरी. नकाशावर हे सगळं जवळजवळ दिसतं. पोटात सहा महिन्यांचं बाळ घेऊन चालणारीला ते कसं वाटेल, हे नकाशा सांगत नाही.

अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर. सिल्लोडमार्गे जायचं, फर्दापूरजवळ आपली गाडी लावायची, तिथून चार किलोमीटर बसनं आत, मग पायऱ्यांची चढण, आणि चित्रं असलेल्या प्रत्येक लेण्यात चपला काढा-घाला. देवगिरीचं तर नावच काढू नका. वर जायची वाट अंधारीतून जाते. आत वटवाघळांचा वास, उंच-सखल पायऱ्या, हातभर पुढचं दिसत नाही. गरोदर बाईनं तिथं पाय टाकायचं काहीएक कारण नाही. चांद मिनार खालून सुंदर दिसतो, तेवढा बघा आणि निघा.

माझा भाचा आणि भाचेसून असेच आले होते. मार्च महिना, तिला सहावा. "रात्रीतून गाडी मारली की एक दिवस वाचतो" हा त्याचा हिशोब. लातूरहून रात्री निघाले, अंबाजोगाई-बीड करत पहाटे पोचले, दोन तास पडले आणि उठून अजिंठ्याला. हे दिवस वाचवणं मला कधीच पटलेलं नाही. ज्या दिवसाची झोप आदल्या रात्रीच संपली, तो दिवस वाचला कसा?

दुपारी लेण्यांच्या पायऱ्यांवर ती मटकन खाली बसली. यानं लिंबूपाणी आणून दिलं. तिनं दोन घोट घेतले आणि ग्लास बाजूला ठेवला. का, तर परत "जावं" लागेल. सकाळपासून तिनं पाणी जवळजवळ सोडलंच होतं, कारण वाटेत बाईमाणसाला जाता येईल अशी जागा मिळेल याचा भरवसा नव्हता. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. वर संध्याकाळी मकबराही केला, कारण बेतात लिहिलं होतं.

रात्री दीडला फोन. "आत्या, हिचं पोट थांबून थांबून कडक व्हायलंय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली. कितवा आठवडा? रक्तगट? वार (प्लॅसेंटा) वर आहे का खाली? शेवटचं हिमोग्लोबिन किती? तो तिच्याकडं बघतोय, ती त्याच्याकडं. फाईल लातूरला, कपाटात, आणि कपाटाची चावी तिच्या पर्समध्ये इथं. धाकट्या दिरानं रात्री दोन वाजता कपाटाचं कुलूप फोडून कागदांचे फोटो पाठवले, ते हलल्यामुळं धड वाचता येईनात. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नव्यानं. निघालं काय, तर लघवीचा जंतुसंसर्ग आणि अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यानं गर्भाशय आवळत होतं. सलाईन लागलं, औषधं लागली, कळा थांबल्या. वेळ चांगली होती. पोरगी पूर्ण दिवसांची झाली आणि आता माझ्या घरी आली की एक भांडं जागेवर राहू देत नाही. पण ती रात्र त्या दोघांनी कशी काढली ते मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून माझा नियम साधा आहे: एका दिवसाला एकच मोठी जागा, तीही सकाळी, आणि दुपार झोपेसाठी मोकळी. मला विचाराल तर वेरूळ. शहरापासून तीसेक किलोमीटर, सकाळी उघडल्या उघडल्या पोचायचं, ऊन चढायच्या आत बाहेर. 34 लेणी आहेत म्हणून 34 बघायची नसतात. सोळावं, म्हणजे कैलास, एवढं निवांत बघा. त्याच्या अंगणात सपाटीवर फिरता येतं, वरच्या कड्यावर चढायची गरज नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं ते देऊळ. तिथं दगडी हत्तीच्या सावलीला अर्धा तास नुसतं बसलं तरी पैसे वसूल आहेत.

पाय चालत असतील तर जवळच 21 नंबरचं रामेश्वर लेणं आहे. आत शिव-पार्वतीचं लग्न कोरलंय आणि दोघं सारीपाट खेळत बसलेत तेही कोरलंय. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक जोडीला मी ते आवर्जून बघायला सांगते. संसारातली इतकी साधी, मोकळी वेळ दगडात धरून ठेवलेली मी दुसरीकडं बघितली नाही.

संध्याकाळी मकबरा. ताजमहालाशी तुलना करत बसू नका, मधल्या पाण्याच्या कडेनं सपाट वाटेवर सावकाश चाला. नाहीतर सिडकोतल्या कॅनॉटच्या बाजारात जाऊन काहीतरी खा आणि लोक बघत बसा. अजिंठा राहिला तर राहू द्या. तिथल्या चित्रातला पद्मपाणी दीड हजार वर्षं तिथंच आहे, लेकरू कडेवर घेऊन येईपर्यंत कुठं जात नाही.

पाणी न पिणं

हे वेगळं लिहितेय, कारण यावर कुणी बोलत नाही. आपल्या रस्त्यांवर बायकांची सोय नाही, हे खरं आहे आणि संतापजनक आहे. पण त्यावर उपाय म्हणून तहान मारणं गरोदरपणात फार महागात पडतं. या दिवसांत लघवीचा संसर्ग तसाही लवकर होतो, त्यात पाणी कमी आणि लघवी दाबून धरलेली. मग ताप, जळजळ आणि वेळेआधीच्या कळांची भीती.

थांबायची जबाबदारी नवऱ्याची. "लागली तर सांग" असं म्हणणाऱ्या नवऱ्यांनी नीट ऐका: ती सांगणार नाही. तास-दीड तासाला गाडी थांबलीच पाहिजे, तिनं मागो न मागो. थांबायच्या जागा निघायच्या आधी ठरवा. मोठं फॅमिली हॉटेल बघा, आत जाऊन स्वच्छतागृह आधी बघा, मग चहा सांगा. थांबलात की पाच मिनिटं तिला चालू द्या. पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसलं की सूज येते, आणि या दिवसांत पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही वाढलेला असतो. माझ्याकडून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत मी लिटरची एक बाटली नवऱ्याच्या हातात देते. पुढच्या थांब्याला ती रिकामी झाली का, हे त्यानं बघायचं.

फाईल घरी ठेवणं

फाईल म्हणजे सगळी फाईल: सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड, चालू गोळ्या. मूळ कागद पिशवीत आणि स्पष्ट फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये. "माझ्याकडं आहेत" म्हणणाऱ्याचाच मोबाइल नेमका बंद पडतो. 108 ही रुग्णवाहिका आणि गरोदर बायकांसाठी 102, हे दोन आकडे पाठ असू द्या. संभाजीनगरात मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे घाटी. ते आणि उतरलात तिथलं जवळचं प्रसूतीचं खासगी हॉस्पिटल, दोन्ही पोचल्या दिवशीच मोबाइलवर बघून ठेवा. रक्त किंवा पाणी जायला लागलं, पोट ठरावीक वेळानं आवळायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधुक व्हायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. आत्याला फोन नंतर, दवाखाना आधी.

"हॉटेल कशाला, आत्याचं घर आहे की"

आहे, आणि जेवायला एकदा जरूर या. मुक्कामाला येऊ नका. हे सांगताना जीवावर येतं, पण खरं तेच आहे. माझ्या घरी उतरलात की शेजारच्या काकू पोट बघून मुलगा का मुलगी ते सांगणार, मी आग्रह करून तिसरी पोळी वाढणार, तुमच्यासाठी म्हणून नातेवाईक भेटायला येणार. सून उठून स्वयंपाकघरात येणारच, तिला बसवत नाही. दोघांना एकमेकांशी बोलायला मिळणार ते रात्री अकराला, तेही हळू आवाजात. हे दोन दिवस तुमचे आहेत. नणंद सोबतीला, सासूबाई काळजीपोटी, असं करत करत गाडी भरून येणारेही बघितलेत मी. काळजी खरी असते त्यांची. त्यांना दिवसातून दोनदा फोन करा, डॉक्टरांनी हो म्हटलंय हे स्पष्ट सांगा, आणि दोघंच या.

हॉटेल घेताना स्वस्त-महाग नंतर बघा. लिफ्ट आहे का, कमोड आहे का, आणि आवारात लग्नाचं लॉन आहे का, एवढं फोन करून विचारा. हे तिसरं कुणी विचारत नाही. दिनदर्शिकेत लग्नाची तिथी बघून घ्या. दाट तिथीच्या रात्री लॉनशेजारच्या खोलीत गरोदर बाईचा डोळा लागत नाही. दोघांची मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा.

बाकीचं थोडक्यात.

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. जोडून रजा टाकताना हे विसरलं की दारातून परत.

दिवस निवडताना पाचवा-सहावा महिना सगळ्यात बरा. मळमळ गेलेली असते, पोट अजून जड नसतं. डोहाळजेवणानंतर ती माहेरी जाणार हे धरूनच मागं हिशोब करा. आणि डॉक्टरांना हॉटेलचे पैसे भरायच्या आधी विचारा. पैसे भरून मग "जाऊ ना?" विचारणाऱ्यांना नाही ऐकवत नाही. वार खाली असेल, रक्तदाब असेल, जुळं असेल आणि त्या थांबा म्हणाल्या, तर थांबायचं.

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात फिरायला येऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात वेरूळ हिरवंगार असतं पण दगड निसरडे होतात.

नांदेड, परभणी, सेलू, जालना एकाच रुळावर आहेत, तेव्हा गाडीपेक्षा रेल्वे बरी. उठता येतं, चालता येतं, डब्यात स्वच्छतागृह असतं. रात्रीच्या प्रवासाला खालच्या बर्थचा राखीव कोटा ज्येष्ठ नागरिकांसोबत गरोदर बायकांनाही असतो. तो मागा, वरच्या बर्थवर चढायची कसरत नको. एसटीत मधल्या बाकावर बसा, मागच्या नाही.

कारमध्ये सीटबेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. "पोटाला लागतो" म्हणून न लावणं हा शुद्ध वेडेपणा.

इथला मटणाचा नान खलिया खायचाय तर दुपारी खा, गरम खा, थोडा खा. रात्री खाल्ला तर जळजळीनं बसून राहावं लागेल. कापून ठेवलेली फळं, गाड्यावरचा बर्फ, पाणीपुरी यांना हात लावू नका. हुरडा भाजून गरम गरम खा, पण पोट भरून नको, गॅस होतो.

आणि ते फोटोशूट. लांबलचक गाऊन, तीन तास उन्हात उभी केलेली पोर, "अजून एकदा पोटावर हात ठेव" म्हणून ओरडणारा पोरगा. पुरातत्त्व खात्याच्या जागांवर ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, ती काढलेली नसते, मग रखवालदाराशी वाद आणि तिच्या डोळ्यांत पाणी. फोटो हवेतच की, मलाही आवडतात. मोबाइलवर चार काढा आणि मोबाइल खिशात टाका. नवऱ्यांनी तर ऑफिसचे फोनही त्या दोन दिवसांत घेऊ नयेत.

शेवटचं परतीबद्दल. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं उरकून रात्री गाडी हाणत घरी आणि सोमवारी सकाळी कामावर, असं करू नका. रविवारी दुपारचं जेवण झालं की निघा, म्हणजे लातूरवाल्यांनाही वेळेत घर गाठता येईल. नाहीतर रविवारी मुक्काम करा आणि सोमवारी उजाडल्यावर निघा. सोमवारच्या रजेचा अर्ज मात्र इथं यायच्या आधीच टाका, इथून फोन करून मागितलेली रजा मिळत नाही.