वजनं उचलून किती कॅलरी जळतात? वही, धान्याचा काटा आणि दोन ओळींचं गणित

मागच्या मे महिन्यात गावच्या व्यायामशाळेत पत्र्याखाली पाऊण तास वजनं उचलून बाहेर आलो, तर मनगटावरच्या घड्याळात ५२० कॅलरी. मी खूश. चौकात तर्री-पोह्यांची जास्तीची प्लेट, वर गोड चहा. असं दोन महिने चाललं आणि वजन उतरायच्या ऐवजी दोन किलोनं चढलं. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा हसला, "काहून काका, घड्याळ खोटं बोलते काय?"

खोटं नाही बोलत. अंदाज सांगते, आणि वजनाच्या व्यायामात तो अंदाज फार घसरतो. घड्याळ मोजते नाडीचे ठोके. चालताना-पळताना ठोके वाढतात तसा शरीराला लागणारा ऑक्सिजनही वाढतो, म्हणून तिथं हिशेब बराच जुळतो. जड बार उचलताना मात्र आपण श्वास रोखतो, स्नायू आवळतो. ठोके उसळतात, ऑक्सिजनचा वापर तेवढा वाढत नाही. त्यात आपलं ४४ डिग्रीचं ऊन. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं आणि नुसत्या उकाड्यानंच नाडी चढते. बार घट्ट धरला की मनगट ताठतं, मग घड्याळाच्या खालचा, उजेड टाकून नाडी मोजणारा सेन्सरही गोंधळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं तपासली होती. नाडी बहुतेकांनी बरी मोजली; कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तीही चालणं, पळणं आणि सायकल एवढ्यावरच!

तेव्हा वही काढा.

आधी स्वतःचं वजन

घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातला धान्याचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. सकाळी, संडास करून, काही न खाता, हलक्या कपड्यांत. काटा दर वेळी तोच ठेवा. दोन काट्यांत किलोभराचा फरक सहज निघतो, कापूस विकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग मिनिटं

व्यायाम सुरू करताना आणि संपवताना वेळ लिहा. दोन सेटमधली (सेट म्हणजे न थांबता सलग उचलण्याची एक फेरी) दीड-दोन मिनिटांची विश्रांती त्यातच धरायची, कारण पुढचे आकडे ती धरूनच काढलेले आहेत. सोयाबीनच्या भावावर रंगलेल्या वीस मिनिटांच्या गप्पा मात्र वजा करा. आमच्याकडे दीड तासाच्या व्यायामातून खरा व्यायाम पाऊण तासाचाच निघतो. सोबत व्यायामाचं नाव, किलो, सेट आणि किती वेळा उचललं तेही टिपा. लोखंडी प्लेटा नसतील, डब्यात सिमेंट भरून केलेले डंबेल्स असतील किंवा चुंगडीत रेती भरली असेल, तर तेही एकदा त्याच काट्यावर मोजून वर रंगानं लिहून ठेवा.

आता गणित

शांत बसलेल्या शरीराला लागणारी ऊर्जा म्हणजे १ मेट; दर किलो वजनाला तासाला साधारण १ कॅलरी. (बोलताना आपण कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी.) कोणत्या हालचालीला किती मेट, याची संशोधकांनी केलेली यादी १९९३ पासून वापरात आहे. त्यातले आपल्या कामाचे आकडे असे: वेगवेगळे व्यायाम, ८ ते १५ वेळा, मध्यम वजन असेल तर ३.५. बैठकांवर भर असेल तर ५. जड वजन, सेट संपल्यावर बोलवतही नाही असा जोर असेल तर ६. सलग दम लागेपर्यंत मारलेले जोर ८ च्या आसपास जातात, पण जेवढी मिनिटं ते खरंच चालले तेवढीच धरायची.

मेट × वजन × तास. ७० किलोचा माणूस, ३.५ मेट, पाऊण तास म्हणजे ३.५ × ७० × ०.७५ = सुमारे १८४. खाटेवर पडून राहिलात तरी त्यातल्या ५२ गेल्याच असत्या. म्हणून मेटमधून १ वजा करा: २.५ × ७० × ०.७५ = १३१. व्यायामाची खरी कमाई एवढी. अगदी ६ मेट धरला तरी २६२ च्या आसपास. माझे ५२० कुठून आले, देव जाणे.

३.५ घ्यावा की ६, अशी शंका आली तर खालचा घ्या. आपण सगळेच स्वतःला पहिलवान समजतो.

१३१ म्हणजे ज्वारीची एक भाकरही नाही. ५०-६० ग्रॅम पिठाच्या भाकरीतच १७० ते २०० असतात. तर्रीवरच्या तेलाचा एक मोठा चमचा १२० चा. व्यायामानंतरही तासन्‌तास कॅलरी जळत राहतात, असं पोरं मोबाईलवर पाहून सांगतात. जळतात, पण थोड्या. वहीत त्याला रकाना नको.

घड्याळ असेलच तर

वय, उंची, आजचं वजन खरं भरा. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट. व्यायामाच्या प्रकारात वजनांचा व्यायाम निवडा. येणाऱ्या आकड्याकडे मागच्या आठवड्याशी तुलना करण्यापुरतंच बघा. खाण्याचा हिशेब त्यावर लावू नका.

महिन्यानं ताळा

आठवड्यातून तीन-चारदा वजन करून सरासरी काढा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. चार आठवड्यांत सरासरी एक किलोनं वाढली, तर रोज सुमारे २७५ जास्त पोटात जाताहेत, मग वहीत काहीही लिहिलेलं असो. नव्यानं व्यायाम धरलेल्यांचं वजन स्नायूंमुळे जागेवरच राहू शकतं. त्यांनी बेंबीपाशी टेपनं कंबरही मोजावी.

आणि वहीत एक रकाना वावराचाही ठेवा. १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन केलेली फवारणी किंवा दिवसभराची डवरणी ही व्यायामशाळेतल्या पाऊण तासाला सहज मागं टाकते. त्या दिवशी आकडा काढत बसू नका, नुसतं "वावर, ५ तास" लिहा. खरिपाच्या धामधुमीत वजन का उतरलं, ते दिवाळीला वही उघडल्यावर कळेल.