इंग्लंडातल्या आठवडी बाजाराच्या गावी, जुन्या पबात

मुलाकडे-लेकीकडे इंग्लंडला निघालेल्या चिपळूण-कुडाळकडच्या मंडळींनी लंडन बघून झालं की एक दिवस बाजाराच्या गावासाठी ठेवावा. स्टॅमफर्ड सोपं पडतं: लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून पीटरबरो, तिथे गाडी बदलायची. बाजार शुक्रवारी. पुलापलीकडचं 'द जॉर्ज' हे घोडागाड्यांच्या काळातलं मुक्कामाचं ठिकाण, पाटी अख्ख्या रस्त्यावर आडव्या तुळईला. आत दोन दारांवर लंडन आणि यॉर्क अशी नावं आहेत. त्या त्या बाजूच्या गाडीची वाट बघणाऱ्यांच्या त्या खोल्या.

जेवायचं तर बारा ते दोनमध्ये पोचा. बऱ्याच पबांत त्यानंतर संध्याकाळपर्यंत चूल बंद असते. रविवारी आधी टेबल सांगून ठेवा. जुन्या पबात शिरताना मान खाली. आपल्याकडच्या माळ्याखालच्या तुळयांसारखाच इथेही कपाळमोक्ष होतो.

टेबलाशी बसून राहिलात तर सहसा कोणी विचारायला येत नाही. टेबलाचा नंबर बघा, काउंटरवर जा, सांगा, तिथेच पैसे द्या. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. हाका मारणं, नोट हलवणं नको. टीपची सक्ती नाही.

बिअर मात्र नीट निवडा. काउंटरवरचा उंच दांडा ओढून येते ती कास्क एल, तळघरातल्या पिंपातली. ती ११ ते १३ अंशांवरच असते आणि फार फसफसत नाही. गरम आहे म्हणून बर्फ मागू नका. पाइंट ५६८ मिली, हाफ २८४. हाफने सुरुवात करा. घोटभर चव मागितली तर बहुधा देतात. पिंप उघडलं की तीनेक दिवसांचा खेळ, मग माडीसारखी आंबते. म्हणून ज्या दांड्याचा खप जास्त, तोच सांगा. व्हिनेगरचा वास आला तर पहिल्याच घोटाला परत न्या, बदलून देतात; अर्धा ग्लास संपवून तक्रार शोभत नाही. कडक शाकाहारींनी विचारून घ्यावं: गाळ खाली बसवायला पुष्कळ ठिकाणी माशाच्या पोटातली पिशवी वापरतात. घोळीचं बोत ज्यांनी विकलंय त्यांना हे नवल वाटणार नाही.

खाण्यात कॉड किंवा हॅडॉक मासा बिनकाट्याचा, सोबत चिप्स, म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले तुकडे. 'स्टेक अँड एल पाय' म्हणजे गोमांस. चिप्ससुद्धा कधी गाईच्या चरबीत तळतात.

चौघं असाल तर आपापले पैसे देत बसू नका. एकेकाने पाळीपाळीने सगळ्यांचं आणायचं, त्याला राउंड म्हणतात. पाळी चुकवणारा लक्षात राहतो! सिगरेट बाहेर; आत २००७ पासून बंदी आहे. रात्री बहुधा अकराच्या सुमारास घंटा होते, ती शेवटच्या ऑर्डरची. त्याआधी पीटरबरोच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवा.