उन्हाळ्यातील परसबाग: पाणी आणि तोडणीतील या चुका टाळा

इंदूरच्या परसबागांमध्ये एप्रिल-मे महिन्यांत झाडे बिघडू लागली की पहिला संशय खतावर जातो आणि आळ्यात युरियाची मूठ पडते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष पाणी देण्याच्या किंवा भाजी तोडण्याच्या वेळेत असतो.

माळव्याची काळी माती ओल चांगली धरते, परंतु एकदा वाळली की तिला भेगा पडतात, बारीक मुळे तुटतात आणि नंतर घाईने सोडलेले पाणी मुळांशी न थांबता भेगांतून खाली उतरते. नळ एक दिवसाआड येत असल्यामुळे तो आला की आळी तुडुंब भरायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत बागेकडे पाहायचे नाही, ही सवय येथे सर्रास आढळते. टोमॅटोच्या तळाशी दिसणारा काळा, खोलगट डाग हा बहुधा तिचाच परिणाम असतो. तो बुरशीचा रोग नव्हे. मातीतील ओल सतत कमी-जास्त झाल्याने फळाला कॅल्शियम पुरेसे मिळत नाही, आणि त्यामुळे बुरशीनाशक फवारून काहीही साधत नाही. पाणी साठवून ते रोज पहाटे बेताने द्यावे, खुरपणी करून भेगा बुजवाव्यात आणि खोडापासून थोडे अंतर सोडून गव्हाच्या काडाचे दोन-तीन इंच आच्छादन पसरावे. दुपारी दुधीच्या वेलाने माना टाकल्या म्हणून लगेच पाईप हाती घेऊ नये. पाने सकाळीही मलूल दिसली, तरच वेल तहानलेला समजावा.

पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की टोमॅटोची फुले गळतात. त्यावर खत हा उपाय नाही; हिरव्या जाळीची सावली थोडीफार मदत करते. लागलेली फळे रंग बदलू लागताच तोडून घरात पिकवावीत, कारण कडक उन्हात ती नीट लाल होत नाहीत.

वेलांवर आधी नरफुले येतात, तेव्हा सुरुवातीला फळ धरले नाही म्हणून वेल उपटण्याची घाई करू नये. मागे इवलेसे फळ असलेले फूल ते मादीफूल. हाताने परागीकरण करायचे असल्यास दुधी आणि दोडक्यासाठी संध्याकाळ, तर काकडी आणि गिलक्यासाठी सकाळ निवडावी, कारण ती फुले त्याच वेळी उमलतात.

भेंडीच्या बाबतीत मात्र खरा शत्रू लोभ असतो. आणखी थोडी वाढू द्यावी म्हणून ठेवलेली भेंडी दोन दिवसांत निबर होते, शिवाय झाडाची शक्ती बियांकडे वळून पुढची फुले कमी होतात. ती तीन-चार इंचांची असताना एक दिवसाआड, सकाळीच, देठासह कात्रीने कापावी आणि नजरेतून सुटलेली जून भेंडीही झाडावर राहू देऊ नये. गवार आणि काकडी यांनाही हाच नियम लागू आहे.

दुधी तोडल्यावर चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास तो तुकडा थुंकून संपूर्ण फळ फेकून द्यावे, कारण त्यातील कडू द्रव्य विषारी असते, शिजवल्यानेही ते नाहीसे होत नाही आणि अशा दुधीचा रस प्यायल्यास रक्ताच्या उलट्या होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.