सेंट्रिंगच्या प्लायचं बजेट: या चुका टाळा

पहिल्यांदा घर बांधणाऱ्याला सळईचा टनाचा भाव पाठ असतो, सिमेंटच्या पोत्याचा असतो, क्रश सँडचा ब्रास कितीला पडतो तेही तो सांगतो. सेंट्रिंगचं, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या साच्याचं, विचारलं की उत्तर एकच: "ते ठेकेदार बघतोय." मग स्लॅबच्या तोंडावर ठेकेदाराचा फोन येतो, "साहेब, माझा माल दुसऱ्या साइटवर अडकलाय, प्लाय तुम्हीच आणून द्या, काम थांबायला नको." साहेब धावतपळत दुकान गाठतात, आणि तिथून पुढे जे होतं ते मी इतक्या साइटवर पाहिलंय की आता लिहून टाकतो.

स्लॅबचं क्षेत्रफळ म्हणजे प्लायचं क्षेत्रफळ नव्हे

८ बाय ४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट. स्लॅब १००० चौ. फुटांचा असेल तर लोक १००० ला ३२ ने भागतात आणि "३२ शीट द्या" म्हणतात. बीमच्या साइड कोण धरणार?

२५ बाय ४० फुटांचा, म्हणजे तोच १००० चौ. फुटांचा स्लॅब घ्या. स्लॅबची जाडी ५ इंच, बीम ९ बाय १५ इंच. बाहेरून फिरणारे बीम १३० फूट, आतले ९५ फूट. आतल्या बीमच्या दोन्ही साइड स्लॅबखाली १० इंच उतरतात, तिथे साधारण १५८ चौ. फूट गेले. बाहेरच्या बीमची आतली साइड १०८ आणि बाहेरची, जी पूर्ण १५ इंच असते, ती १६२. झाले ४२८ चौ. फूट जादा. एकूण १४२८, म्हणजे ४५ शीट, आणि कटिंगमधली नासाडी धरली की ४९-५०. जिना आणि छज्जे अजून यात नाहीत. ३२ आणि ५० मधला फरक स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी कळला, तर दुकानदार म्हणेल तो भाव.

तालुक्याच्या गावांत तळाला ३ बाय २ च्या लोखंडी प्लेटा आणि बीमला प्लाय अशी जोडी सर्रास चालते. तसं असेल तर वर हिशेब केलेल्या याच स्लॅबला वीसेक शीट पुरतात. पण हे ठेकेदाराशी आधी बोला. नकाशा हातात घेऊन, बीमचं शेड्युल, म्हणजे बीमच्या मापांचा तक्ता, उघडून बोला. "अंदाजे सांगा" म्हणालात तर तो अंदाजेच सांगणार.

"बारा वेळा वापरता येतो" हे ऐकून खूश होऊ नका

ही माझी सगळ्यात नावडती चूक. दुकानदार फिल्म फेस प्लाय दाखवतो, वरचं तपकिरी फिल्म बोटाने ठोकतो आणि सांगतो, दहा-बारा स्लॅब निघतील. खोटं बोलत नाही तो. चांगला माल, नीट तेल, हळू हाताने खोलणं, एवढं जमलं तर निघतातही. पण तुमच्या बंगल्याला स्लॅब किती? तळमजला, पहिला मजला, वर जिन्याची टोपी. संपलं.

हिशेबापुरती शीट १८०० रुपयांना धरू, १८ टक्के जीएसटीसकट. बारा वापरांवर वाटलं तर एका वापराला १५० रुपये, म्हणजे चौ. फुटाला पावणेपाचच्या आत. दोनच वापर झाले तर एका वापराला ९०० आणि चौ. फुटाला २८ रुपये. शीट तीच आणि बिलही तेच. तुम्ही बजेटच्या वहीत पावणेपाच लिहिलेत आणि खिशातून २८ गेले.

"उरलेला प्लाय विकू की," असं प्रत्येक मालक म्हणतो. विका. वापरलेला प्लाय घेणारा माणूस कडा बघतो, खिळ्यांची भोकं बघतो, तुम्हाला विकायची घाई आहे हेही बघतो. विक्रीचे पैसे मी बजेटमध्ये कधीच धरत नाही. आले तर रंगकामाला लावा.

एकट्या बंगल्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: प्लाय विकत घेऊ नका. ठेकेदाराच्या दरातच सेंट्रिंगचं सामान धरून घ्या, नाहीतर भाड्याने आणा. ठेकेदाराचा प्लाय वर्षभर फिरतो, त्याला तो परवडतो. विकत घ्यायचाच हट्ट असेल तर शेजारचं किंवा भावाचं घर पाठोपाठ होणार असावं, आणि तसं खरंच ठरलेलं असावं. "बघू पुढच्या वर्षी" वाल्या घरांसाठी प्लाय थांबत नाही, पावसाळ्यात सडतो.

फर्निचरचा प्लाय स्लॅबखाली

वाईजवळच्या एका गावात निवृत्त गृहस्थ घर बांधत होते. स्वभावाने काटकसरी, हिशेबाला पक्के. त्यांनी डोकं लढवलं: १८ मिमीचा कमर्शियल प्लाय घ्यायचा, स्लॅब झाला की त्याच प्लायची कपाटं करायची. एका पैशात दोन कामं. १८ मिमी म्हणजे सेंट्रिंगच्या १२ मिमीपेक्षा जाडच, मग अडचण काय? मी म्हटलं, "काका, हा घरातल्या कोरड्या भिंतीजवळ राहणारा माल आहे, याला पाणी सोसत नाही." काकांनी मला चहा पाजला आणि त्यांना हवं तेच केलं.

मे महिना, सळई बांधून तयार, आणि संध्याकाळी वळीव आला. सकाळी शीटच्या कडा फुगल्या होत्या. जोडाला बोट लावलं तर पदर खारी बिस्किटासारखे सुटत होते. मिस्त्री म्हणाला चार शीट बदलू, पण सळईखालून शीट काढायची म्हणजे सगळी जाळी उचलायची, आणि काँक्रीटचा पंप तर सांगून ठेवलेला. त्याच प्लायवर काँक्रीट पडलं. फुगलेल्या जोडांतून स्लरी, म्हणजे सिमेंटचं पाणी, खाली ठिबकत राहिली, आणि जिथून स्लरी गेली तिथे नंतर खडी उघडी पडली. खोलताना प्लायचा वरचा पदर काँक्रीटलाच चिकटून राहिला, तो छिन्नीने खरवडावा लागला. हॉलच्या मधोमध स्लॅबला पोट आलं होतं. ते लपवायला बाकीच्या छताला जाड प्लास्टर चढवावं लागलं. मजुरी, सिमेंट, दुरुस्तीचं मटेरियल, सगळं धरून खर्चाने वाचलेले पैसे केव्हाच ओलांडले. कपाटांचं विचाराल तर सुताराने करवतीचं पातं दाखवून हात जोडले. सिमेंट लागलेल्या आणि मोडके खिळे अडकलेल्या लाकडावर तो पातं घालणार नव्हता.

सर्वसाधारण वापराच्या प्लायचं मानक आयएस ३०३, शटरिंगच्या, म्हणजे सेंट्रिंगच्याच, प्लायचं आयएस ४९९०. शीटवरचा आयएसआय शिक्का आणि त्याच्याजवळचा आकडा स्वतः वाचा, दुकानदाराला वाचायला सांगू नका. बाजारात १२ मिमीचा फिल्म फेस प्लाय किलोवर ओळखला जातो: २८ किलोचा, ३० चा, ३२ चा. आतलं लाकूड जितकं घट्ट तितकं वजन जास्त. मी ढिगाच्या मधली कोणतीही शीट ओढतो आणि काट्यावर ठेवतो. सांगितलेल्या वजनापेक्षा दोन-तीन किलो कमी भरली की दुकान बदलतो. ओली शीट मात्र तोलू नका. एक तुकडा घरी आणून जुन्या पातेल्यात दुपारभर उकळायचीही माझी सवय आहे. ती काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण ज्याचे पदर पातेल्यातच सुटले तो स्लॅबखाली काय टिकणार? घरचे वैतागतात, वैतागू देत.

भाडं वाचवायला लवकर खोलणं

भाडं रोजावर असतं. सातव्या दिवसापासून मालकाचा जीव वरखाली व्हायला लागतो. "काँक्रीट तर दगडासारखं झालंय, खोला की." आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं मानक, त्याचे आकडे असे: ४.५ मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्पॅनला १४. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. आणि हे आकडे ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटचे. आपल्याकडे घरबांधणीत बहुतेक पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट वापरतात, ते ताकद सावकाश धरतं, म्हणून मुदत वाढवावी लागते. किती ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. मी भाड्याच्या रकान्यात सरळ २१ दिवस धरतो. आधी सुटलं तर उरलेलं भाडं वाचलं. बीमच्या साइड मात्र दुसऱ्या दिवशी निघतात, तेवढ्या शीट लगेच परत केल्या तर भाडं तिथे वाचतं. याकडे कोणी बघत नाही, सगळ्यांना टेकूच काढायचे असतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. जळकं इंजिन ऑइल फासू नका. फुकट मिळतं खरं, पण छतावर काळे डाग उठतात आणि प्लास्टर धरत नाही. शटरिंग ऑइलचा डबा बजेटमध्ये लिहा. कापलेल्या कडेला त्याच दिवशी ऑइल पेंटचा हात मारा, पाणी तिथूनच शिरतं. हमाली, टेम्पो, खिळे, जोडाला लावायची टेप, हे सगळं "किरकोळ" या रकान्यात ढकलू नका, एकत्र केलं की ते किरकोळ राहत नाही. शीट भिंतीला तिरक्या टेकवून ठेवू नका, वाकतात. रिपांवर आडव्या रचा आणि वर ताडपत्री टाका. शिडीसाठी किंवा पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून अख्खी शीट कापणाऱ्या गड्याला पहिल्याच दिवशी तुकड्यांचा ढीग दाखवून ठेवा.

भाड्याचा माल उतरवून घेताना मोजा, फुटलेल्या कडांचे फोटो काढा आणि चलनावर तसं लिहून सही घ्या. परत करताना खिळे काढून, खरवडून, पुन्हा मोजून द्या. तुटलेली शीट नव्याच्या भावाने लावायची की वापरलेल्याच्या, हे माल उतरायच्या आधी ठरवा, कारण डिपॉझिट त्यांच्याकडे असतं.